सोंगाड्याची बतावणी

आमच्या नांदेडकडची माणसे मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाला जातात. दर्शन होते, घोड्या-गाढवांचा बाजार होतो, आणि रात्री तमाशाच्या कनाती लागतात. गण झाला की गौळण. तीत कृष्णाचा पेंद्या होऊन येणारा तो सोंगाड्या. त्याच्या बतावणीला लिहिलेली संहिता नसे. समोर बसलेला पाटीलही तिच्यातून सुटत नसे!

ही बतावणी पडद्यावर नेली दादा कोंडके यांनी. जन्म 1932 चा, मुंबईच्या नायगावातला. सेवादलाच्या बँडात वाजवता वाजवता ते लोकनाट्यात शिरले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’तील हवालदाराने त्यांना गावोगाव पोहोचवले. 1971 मध्ये सबनीसांच्याच कथेवर ‘सोंगाड्या’ निघाला, संगीत राम कदमांचे. पुढे त्यांच्या 9 चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीजच्या पुस्तकात झाली. 1998 मध्ये ते गेले.

शिष्टांनी द्वयर्थी बोलण्यावर नाके मुरडली. उत्तरकाळात ते फारच झाले, हे मीही म्हणेन. पण यात्रेच्या कनातीत आमच्या घरच्या बायकांना पाऊल टाकता येत नसे. तिथला सोंगाड्या त्यांना प्रथम भेटला तो लातूरच्या थिएटरात. तमाशाला गेला म्हणून आई नाम्याला घराबाहेर काढते, तेव्हा आमच्या आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या, “बरं केलं!” आणि पुढच्या गाण्याला त्याच पदर तोंडाशी धरून हसत होत्या.