दोन घरचा पाहुणा

काही वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी आम्ही गेलो होतो. मुलांनी मायक्रोकंट्रोलरचा अर्डुइनो बोर्ड वापरून कुंडीला आपोआप पाणी घालणारे यंत्र केले होते. बोर्डला आज्ञावली संगणकाकडून यूएसबी केबलने मिळे. संध्याकाळी सरांनी संगणक बंद केला, भिंतीवरचे बटणही बंद केले. तरी माउसचा तांबडा दिवा जळतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरूच होईना. शाळेत संगणक तो एकच. सरांचा चेहरा पार उतरला. शेवटी यूएसबीची केबल उपसली, पुन्हा बटण दाबले, आणि तो मुकाट्याने सुरू झाला.

चूक कुठे होती? पंपाला ताकद पुरेना म्हणून मुलांनी मोबाइलचा 5 व्होल्टचा चार्जर थेट बोर्डच्या '5 व्होल्ट' पिनला जोडला होता. हा चार्जर दुसऱ्या बोर्डवर होता आणि रात्रभर चालू होता. त्याची वीज बोर्डमधून केबलमध्ये, केबलमधून बंद संगणकात आणि तिथून माउसच्या दिव्यात उलटी वाहत होती. असे का होऊ शकते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

यूएसबीच्या आधी संगणकाला बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी आरएस-232 ही पद्धत होती. तिच्या तारांतून संदेश जात. उपकरणाला वीज पुरवणे हे तिचे कामच नव्हते. (माउससारखी चिमुकली उपकरणे संदेशाच्या तारांतूनच थोडी वीज चोरत, तो भाग वेगळा.) उपकरणाची वीज उपकरणाने आणावी, असा रोखठोक व्यवहार होता.

जानेवारी 1996 मध्ये यूएसबीची पहिली मानके प्रसिद्ध झाली. ती घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, इंटेलमधील अजय भट्ट हे प्रमुख होते. या केबलमध्ये चार तारा: दोन संदेशाच्या, एक 5 व्होल्टची आणि एक भूतार. उपकरणाने आरंभी 100 मिलिअँपिअरपर्यंत वीज घ्यावी आणि संगणकाची परवानगी मिळाली तर 500 पर्यंत, असा नियम होता. वीज एकाच दिशेने, यजमान संगणकाकडून पाहुण्या उपकरणाकडे वाहावी, म्हणून केबलची दोन टोकेही मुद्दाम वेगळ्या आकाराची केली. दोन यजमान चुकूनही एकमेकांना जोडले जाऊ नयेत, हा त्यातला हेतू.

पण प्रिंटरसारखा पाहुणा आपली शिदोरी घेऊनच येतो. त्याच्यासाठी मानकांत कडक अट आहे: स्वतःची वीज संगणकाच्या 5 व्होल्टच्या तारेत सोडायची नाही. इतकेच नव्हे, संदेशाच्या तारेवर 'मी आलो' असे सांगणारा जो दीड किलोओहमचा रोधक असतो, त्यातूनही संगणक बंद असताना प्रवाह जाता कामा नये. म्हणून स्वतःची वीज असलेल्या उपकरणाने 5 व्होल्टच्या त्या तारेकडे फक्त 'पाहायचे': तिथे दाब आहे ना, मगच तो रोधक जोडायचा. हे पथ्य पाळले नाही तर संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी बोर्डला त्याचा पत्ता लागत नाही, आणि संगणक त्याला ओळख देईनासा होतो.

2005 मध्ये इटलीतील इव्रेआ येथे अर्डुइनोचा जन्म झाला, तो विद्यार्थ्यांसाठी. सुरुवातीच्या यूएसबी बोर्डांवर तीन पिना आणि एक छोटी टोपी असे. वीज यूएसबीकडून घ्यायची की बाहेरून, हे टोपी सरकवून माणसाने ठरवायचे. 2007 च्या 'डायसिमिला' बोर्डवरही ती होती. टोपी सरकवायला विसरले की बोर्ड मेल्यासारखा पडून राही. पण दोन विजा एकत्र येत नसत. आमच्या मते शिकणाऱ्याला ती टोपी बरीच होती. निदान प्रश्न डोळ्यांना दिसत होता.

पुढच्या 'ड्युएमिलानोव्हे' बोर्डने टोपी काढून टाकली आणि निर्णय एका तुलनाकारी मंडलाकडे दिला. गोल खाचेतून आलेला बाहेरचा दाब दोन सारख्या रोधकांनी निम्मा करायचा आणि 3.3 व्होल्टशी ताडून पाहायचा. निम्मा दाब जास्त भरला, म्हणजे बाहेरचा दाब 6.6 व्होल्टच्या वर असला, की एक मॉसफेट यूएसबीची 5 व्होल्टची तार तोडतो. पुढे 'उनो'नेही हीच युक्ती ठेवली.

युक्ती सुरेख, पण हा पहारेकरी एकाच दारावर उभा आहे. गोल खाचेतून किंवा 'व्हीइन' पिनेतून आलेली वीज त्याला कळते. '5 व्होल्ट' पिनेतून आत शिरलेली कळत नाही, कारण निम्मा दाब 3.3 पर्यंत पोचतच नाही आणि मॉसफेट उघडाच राहतो. आमच्या मुलांचा चार्जर नेमका याच मागच्या दाराने शिरला होता. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आपण म्हणतो. इथे तो यजमानालाच जेवू घालत होता.

2021 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोने साधा मार्ग धरला. यूएसबीच्या वाटेवर एक शॉट्की डायोड आहे, त्यामुळे वीज आत येते, परत जात नाही. बाहेरची वीज 'व्हीसिस' पिनेला देताना आपणही तिच्या वाटेवर तसाच एक डायोड घालायचा. शिवाय यूएसबीची तार जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक पिन राखून ठेवली आहे.

शाळेत आम्ही चार्जर काढला आणि बोर्डला गोल खाचेतून 9 व्होल्टचा अडॅप्टर दिला. पंप वेगळ्या विजेवर घेतला, फक्त भूतार सामाईक ठेवली. मग मुलांकडून एक तपासणी करून घेतली, ती कोणालाही करता येईल. बोर्डला बाहेरची वीज चालू ठेवायची, यूएसबी केबलचे संगणकाकडचे चपटे टोक मोकळे सोडायचे आणि त्यातल्या दोन बाहेरच्या पट्ट्यांमधला दाब मल्टिमीटरने मोजायचा. मीटरची टोके एकमेकांना किंवा पत्र्याच्या कडेला लागू द्यायची नाहीत. चार्जर असताना तिथे जवळजवळ 5 व्होल्ट दिसत होते. आता मीटर शून्यावर होता, आणि मग सरांनी केबल संगणकाला लावू दिली.