पाणपोईचा माठ आणि खडूची फुली

मंडळी, आज जरा लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

पाडवा आला की माझ्या मोबाईलवर पाणपोईचे फोटो यायला लागतात. रांजणावर लाल फडकं, फीत कापणारे पाहुणे, मागे क्लबचा बॅनर आणि खाली तयार बातमी, "सामाजिक बांधिलकी जपत...". थंडीत ब्लँकेट वाटपाचे फोटो. चादरीच्या गावात ब्लँकेट वाटतात, यावर हसू येतं, पण तेही छापतो. जूनमध्ये वह्या, ऑगस्टमध्ये रोपं. वीस वर्षांत असे किती फोटो छापले, मोजदाद नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पाणपोईच्या उद्घाटनाची बातमी मी चार कॉलम लावली होती. क्लबचं नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. तीन आठवड्यांनी ऐन वैशाखात तिथून जाताना घसा कोरडा पडला म्हणून थांबलो. माठ कोरडा, आत पालापाचोळा. शेजारचा पानवाला म्हणाला, "साहेब, आठ दिवस भरलं. मग कुणी फिरकलंच नाही." बॅनर मात्र जागेवर होता. मी घरी आलो आणि त्याची बातमी केली नाही. ओळखीची माणसं होती ना!

त्या माठामुळे एक प्रश्न डोक्यात बसला. लोकसेवेच्या कामांतलं टिकलं काय आणि का टिकलं? मग जुनं चाळायला लागलो.

सुरुवात आपल्या सिद्धरामेश्वरांपासूनच करावी लागते. बाराव्या शतकातला हा शरण, बसवेश्वरांचा समकालीन. परंपरा सांगते की आज मंदिराभोवती दिसणारं तळं त्यांनी शिष्यांना सोबत घेऊन खणलं. म्हणजे या गावाची ओळखच मुळी श्रमदानातून झाली. पण तळं एकदा खणून भागत नाही. गाळ दर काही वर्षांनी काढावा लागतो, कडा बांधाव्या लागतात. खणणाऱ्याचं नाव राहतं, गाळ काढणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नसतात. तरी पाणी टिकतं ते त्यांच्यामुळे. गड्ड्याला आपण लाखोंनी जमतो, तेव्हा तळ्याकडेही एकदा बघत जाऊ.

आता जे क्लब आपण रोज बघतो, त्यांचं मूळ लांबचं आहे. रोटरी १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने सुरू केली. त्या क्लबचं पहिलं मोठं सार्वजनिक काम कोणतं होतं, माहितीये? सार्वजनिक शौचालय! १९०७ मध्ये त्यांनी शहराकडे ही मागणी लावून धरली. विरोध झाला तो दारू विकणाऱ्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. आमच्याकडे गिऱ्हाइकांसाठी सोय आहे, वेगळी कशाला, असं त्यांचं म्हणणं. थोडक्यात, आधी काहीतरी विकत घ्या, मग लघवीला जा. क्लबवाले मागे हटले नाहीत, दोन वर्षांत शौचालयं उभी राहिली. नवी पेठेत खरेदीला आलेल्या एखाद्या ताईला विचारा, हा विषय शंभर वर्षं जुना वाटतो का. शौचालयाचा फोटो काही देखणा येत नाही. काम मात्र गरजेचं होतं.

मग आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये जपानने चीनवर केलेल्या आक्रमणात जखमींचे हाल चालले होते. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी मदतीचं आवाहन केलं. लोकांनी वर्गणी काढली, २२,००० रुपये जमले. पाच डॉक्टरांचं पथक निघालं : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे, कोटणीस आपले. बाकीचे चौघे पुढे एकेक करून मायदेशी परतले. त्यात कमीपणा काही नाही, त्यांनीही जीव धोक्यात घातला होता. कोटणीस राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, भाषा शिकले, १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, तेव्हा वय अवघं ३२. भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक आहे. मुलांना एकदा तरी दाखवा. ज्यांनी आणा-दोन आणे वर्गणी दिली, त्यांची नावं कुठे नाहीत. पण ते पैसे कामी आले, कारण त्या पैशामागे कुणीतरी थांबून राहिलं.

तिसरी गोष्ट पोलिओची. ही आपल्या डोळ्यांसमोर घडली. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ हटवण्याचं काम जगभरासाठी अंगावर घेतलं. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं. खरा भार सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि अंगणवाडीताईंनी उचलला, क्लबांनी पैसा, प्रचार आणि माणसं दिली. बाळाच्या बोटावरची शाई सगळ्यांना आठवते. मला आठवते ती दारावरची खडूची खूण. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी'. मूल गावाला गेलंय, घराला कुलूप आहे किंवा आई नको म्हणाली, तर फुली. फुली म्हणजे इथे परत यायचंय.

२००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. १३ जानेवारी २०११ ला हावड्यातल्या एका लहान मुलीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. माझ्या मते हे यश 'पी'पेक्षा त्या फुल्यांचं जास्त आहे. जे काम राहिलं ते दारावर उघड लिहून ठेवलं आणि कुणीतरी पुन्हा ते दार वाजवलं.

अशीच फुल्यांची वही आपल्या जिल्ह्यात बार्शीला आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या कामातून १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जायचं, कुणाला कर्करोग झाला, पुढे काय झालं, ते लिहायचं. तिथल्या अनुभवाच्या जोरावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष जगापुढे आला : एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी ज्या बायकांची तपासणी झाली नाही, त्यांच्याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते ऐकायलाच हवेत. पण हे सगळं कळलं कशामुळे? कुणीतरी वर्षानुवर्षं नोंद ठेवली म्हणून.

आता आपल्या क्लबवाल्या मित्रांना हात जोडून सांगतो. वाटप वाईट नाही. ज्याला ब्लँकेट मिळालं त्याची ती रात्र ऊबेत गेली, याला मोल आहे. मोतीबिंदूच्या शिबिरांनी विडी वळणाऱ्या कितीतरी आज्यांची नजर परत आली, हे मी पाहिलंय. पण शिबिरात तीनशे तपासले, पन्नासांना ऑपरेशन सांगितलं, तर त्या पन्नासांचं पुढे काय झालं, याची वही ठेवा. रोपं लावली तर मे महिन्यात किती जगली ते मोजा. पाणपोई उघडली तर ती रोज कोण भरणार, त्याचं नाव बॅनरवर लिहा. पाहुण्यांचं नाव खाली गेलं तरी चालेल.

आणि आम्हा पत्रकारांचं काय? त्या कोरड्या माठात माझाही वाटा होता. उद्घाटन छापलं आणि विसरलो. म्हणून यंदापासून एक नेम केलाय. कुठल्याही उपक्रमाची बातमी लावली की डायरीत त्या नावापुढे फुली मारायची आणि महिन्याने तिथे जाऊन यायचं. काम चालू असेल तर दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी लावीन. बंद असेल तर तीही लावीन, ओळखीची माणसं असली तरी.

तुमच्या पेठेतल्या पाणपोईत आज पाणी आहे का? जाता-येता बघा आणि मला कळवा.