मुदत संपल्यावर

तुम्ही १९७६ सालात शिरता तेव्हा आधी जाणवते ती वर्तमानपत्रांची शांतता. फेब्रुवारी सरत आला आहे, मध्य प्रदेशातल्या दुपारी तापू लागल्या आहेत. स्टेशनवरच्या फडताळातून एक पेपर उचला. वीस कलमी कार्यक्रम, वेळेवर धावणाऱ्या गाड्या, मंत्र्यांचे दौरे असं सगळं आहे. पकडून नेलेल्या माणसांची नावं मात्र कुठेच नाहीत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि तेव्हापासून बातम्यांवर सेन्सॉर बसला आहे. तुम्ही पान उलटता. लोकसभेची मुदत कायद्याने एक वर्षाने वाढवली आहे, असं त्या पानावर छापलेलं आहे.

शेजारी चहा पिणारा माणूस ती बातमी वाचतो आणि पेपर घडी करून ठेवतो. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. त्याला दोष देऊ नका. आठ महिन्यांत माणसांना गप्प राहण्याची सवय झाली आहे.

आता तुरुंगाकडे चला. आत मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालचे स्थानबद्ध आहेत. खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेची तारीख नाही. त्यांच्यात एक पुणेकर आहे, वय ५३, बिहारमधल्या बांका मतदारसंघाचा खासदार. मधू लिमये. जुलै १९७५ पासून हा माणूस स्थानबद्ध आहे. रायपूर, नरसिंहगड, भोपाळ अशा तुरुंगांतून त्यांचे एकोणीस महिने जायचे आहेत. तुम्ही आला आहात तेव्हा अजून वर्षभर बाकी आहे, पण हे त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. सांगू नका.

सभागृहात हा माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन उठला की सत्ताधारी बाकांवर चुळबुळ सुरू व्हायची. नियमांचं पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ होतं. स्वतःच्या अटकेचाही त्यांनी कायदा करून सोडला होता. ६ नोव्हेंबर १९६८ ला बिहारच्या लखीसराय स्टेशनवर त्यांना पकडलं, तेव्हा अटकेची कारणं सांगितली नाहीत म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सुटले. पकडलेल्या माणसाला कारण कळणं हा त्याचा हक्क आहे, हे ठसवणारा तो निकाल वकील आजही दाखवतात.

अशा माणसाच्या हाती ही बातमी पडते. तुम्ही त्यांच्या जागी बसून विचार करून पाहा.

ही लोकसभा मार्च १९७१ मध्ये निवडून आली. पाच वर्षं १८ मार्च १९७६ ला भरतात. राज्यघटनेच्या ८३ व्या कलमात एक सवलत आहे: आणीबाणी चालू असेल तर संसद कायदा करून लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवू शकते. म्हणजे सरकारने जे केलं ते घटनेत बसतं. शब्दाशब्दात बसतं. नियमांच्या अभ्यासकाला त्यात खोट काढायला जागाच नाही. म्हणूनच पुढचा निर्णय मला एवढा मोठा वाटतो. कायदा हो म्हणत असताना माणसाने नाही म्हणायचं ठरवलं. मतदारांनी कौल दिला तो पाच वर्षांच्या लोकसभेसाठी. सहावं वर्ष त्यांनी दिलेलंच नव्हतं. ते विरोधी पक्षाच्या खासदारालाही दिलेलं नव्हतं, तुरुंगात बसलेल्यालाही नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकून घ्या, कारण ते खोटं नव्हतं. विरोधकांनी जागा सोडल्या तर संसदेत उरेल कोण? खासदार म्हणून असलेला थोडासा आवाजही का घालवायचा? असं म्हणणाऱ्या कित्येकांनी तुरुंगवास सोसला, आणि ते भित्रे नव्हते. तरीही मला लिमये यांचंच पटतं. वाढीव मुदतीला विरोध करायचा आणि त्याच वाढीव मुदतीत खासदार म्हणून राहायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर आणखी एकाने दिला: जबलपूरच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेले, तिशीही न गाठलेले शरद यादव. तेही तेव्हा स्थानबद्धच होते.

राजीनामा द्यायचा म्हणजे अध्यक्षांच्या नावे स्वतःच्या सहीचं पत्र लिहायचं. १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीने त्यात एक भर घातली होती: राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे, याची अध्यक्षांनी खात्री करून घ्यायची. गुजरातेत आंदोलनाच्या दडपणाखाली आमदारांचे राजीनामे घेतले गेले, त्यानंतर आलेली ही दुरुस्ती. स्वतःच्या इच्छेने उंबरठाही ओलांडू न शकणारा माणूस स्वेच्छेने राजीनामा देतो आहे, आणि ते पत्र तपासायचं आहे अध्यक्ष बलिराम भगत यांनी. तेही बिहारचेच.

इथे निरोपाचं भाषण नाही. बाकं वाजवणारे सहकारी नाहीत, हार नाही, समूह छायाचित्र नाही. मतदारसंघातल्या लोकांचे आभार मानायला व्यासपीठ नाही. एका बाहेरच्या माणसाला निवडून देणाऱ्या त्या लोकांना तुम्ही पाहायलाच हवं, म्हणून तीन वर्षं मागे या.

१९७३. बांका तेव्हा भागलपूर जिल्ह्यातला एक उपविभाग आहे. चांदन नदीचं रेताड पात्र, लांबवर मंदार पर्वत. समुद्रमंथनाची रवी म्हणून पुराणात येतो तोच हा, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. बाजारात कानावर पडते ती अंगिका. या मुलखात एका मराठी माणसाने मतं मागायची आहेत. त्याची इथे जात नाही, नातंगोतं नाही, जमीन नाही. दोन वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, शेजारच्या मुंगेरने त्यांना पाडलं आहे. त्याच मुंगेरने १९६४ ची पोटनिवडणूक आणि १९६७ अशी दोनदा त्यांना लोकसभेत पाठवलंही होतं. आणि बांका त्यांना निवडून देतं. सभेच्या गर्दीत उभे राहून ऐका. धोतर खोचलेला शेतकरी, खांद्यावर गमछा टाकलेला पोरगा, मागे भिंतीला टेकलेल्या बाया. पुण्याचा माणूस हिंदीत बोलतो आहे आणि हे लोक त्याला आपला म्हणत आहेत. या लोकांचं ऋण फेडायचं कसं? शेजाऱ्याकडून कार्यासाठी आणलेली भांडी कार्य उरकल्यावर घासूनपुसून परत करतात. बांकाचा कौल त्यांनी तसाच परत केला, ज्या दिवसासाठी घेतला त्या दिवसापुरताच वापरून.

सार्वजनिक काम म्हणजे काहीतरी मिळवणं, ही कल्पना या माणसाला शिवलीच नव्हती. ते कळण्यासाठी आणखी मागे जावं लागेल. २५ जुलै १९५५. मुसळधार पावसात सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्याच्या हद्दीत शिरतात. पोर्तुगीज पोलीस त्यांना बेदम मारतात. तुम्ही बघू शकत असाल तर बघा, मला ते लिहवत नाही. डिसेंबरात लष्करी न्यायाधिकरण बारा वर्षांची शिक्षा सुनावतं. एकोणीस महिन्यांहून अधिक काळ कोठडीत काढून १९५७ च्या सुरुवातीला ते सुटतात. तेव्हा ते खासदार नव्हते, आमदार नव्हते, कसलेही लोकप्रतिनिधी नव्हते.

परत १९७६ कडे या, यावेळी दिल्लीत. खासदारकी नाही तर खासदाराचं घरही नाही. जेलमधून त्यांनी पत्नी चंपाताईंना सरकारी घर ताबडतोब रिकामं करायला कळवलं, ही आठवण त्यांचे स्नेही सांगत आले आहेत. नवरा स्थानबद्ध, बाहेर आणीबाणी, आणि ही बाई सामान काढते आहे. मधू लिमये यांचा त्याग आपण आदराने सांगतो. त्यातलं ओझं कोणी वाहिलं, हे सांगताना चंपाताईंचं नावही त्याच आदराने घ्यायला हवं.

पुढचं भराभर पाहा. वर्षअखेरीस लोकसभेला आणखी एक मुदतवाढ मिळते. ४२ वी घटनादुरुस्ती लोकसभेचा कालावधीच सहा वर्षांचा करून टाकते. १८ जानेवारी १९७७ ला अखेर ती लोकसभा विसर्जित होते. पाच वर्षं आणि दहा महिने ती चालली. मार्चमध्ये निवडणूक होते. बांका लिमये यांना पुन्हा निवडून देतं. मंत्रिपद घ्यायला ते तयार होत नाहीत. १९८० मध्ये त्याच बांकात हरतात. १९८२ मध्ये सक्रिय राजकारण सोडतात आणि दिल्लीतल्या छोट्याशा घरात लिहीत बसतात. इंग्रजी, हिंदी आणि मराठी मिळून साठांहून अधिक पुस्तकं. माजी खासदाराचं निवृत्तिवेतन त्यांनी घेतलं नाही, स्वातंत्र्यसैनिकाचंही नाही. ८ जानेवारी १९९५ ला ते गेले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. ती मंजूर करणाऱ्या सभागृहात लिमये बांकाचे खासदार म्हणून बसलेले होते. आणीबाणीत मुदत एकेक वर्षाने वाढवण्याची तरतूद मात्र ८३ व्या कलमात आजही जशीच्या तशी आहे. एकदा काढून वाचा, आणि तुमच्या खासदारालाही वाचायला सांगा.