उतरायला लागली पन्नास वर्षं

वैमानिकाला जमिनीवर बसवून उडायला शिकवणारं यंत्र 1929 साली तयार झालं. विमान खाली उतरवणं मात्र त्याला पुढची पन्नास वर्षं नीट शिकवता आलं नाही. आज पालघर किंवा बोईसरमधला एखादा शाळकरी मुलगा घरच्या संगणकावर सेसना 172 हे छोटं विमान घेऊन मुंबईतल्या जुहूच्या धावपट्टीवर उतरतो, चुकतो आणि एक बटण दाबून पुन्हा आकाशात जातो. पालघर जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, तरी लँडिंगचा सराव होतो. हा सराव त्याच्या टेबलापर्यंत कसा आला आणि त्यातून नेमकं काय शिकता येतं, हे समजायचं तर सिम्युलेटरचं कूळ पाहायला हवं.

मूळपुरुष म्हणावा असा होता एक पिंप. फ्रान्समधल्या आंत्वानेत कंपनीची विमानं चालवायला अवघड होती. म्हणून 1910च्या सुमारास तिच्या शाळेत पिंपाचे दोन अर्धे तुकडे एकावर एक बसवले गेले. शिकाऊ वैमानिक वरच्या तुकड्यात बसायचा, बाहेर उभी असलेली माणसं दांडे धरून त्याला हलवायची आणि त्याने चाकं फिरवून तोल सावरायचा. पिंपात इंजिन नव्हतं, उपकरणं नव्हती. पण जमीन न सोडता चुकायची सोय झाली आणि तीच या घराण्याची पहिली कमाई.

खरं घराणं उभं राहिलं ते एका बाजाच्या कारखान्यात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ऑर्गनचा भाता, त्याच्या झडपा, हवेचा दाब हे सगळं लिंकच्या हातात मुरलेलं होतं. विमान शिकायचं तर तासाला पैसे मोजावे लागत आणि शिक्षक सुरुवातीला दांड्याला हातही लावू देत नसे. लिंकने कारखान्याच्या तळघरात आखूड पंखांचं एक खोकं केलं आणि ते भात्यांवर बसवलं. आत बसलेल्याने दांडा ओढला की झडपा उघडत, भाते फुगत आणि खोकं तिरकं होई. गंमत म्हणजे वैमानिकांच्या शाळांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुरुवातीचे बरेच ‘लिंक ट्रेनर’ जत्रेतल्या पाळण्यांच्या रांगेत, करमणुकीच्या बागांत जाऊन बसले.

दिवस पालटले ते 1934 साली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांकडून हवाई टपालवाहतूक काढून ती लष्करी वैमानिकांवर सोपवली. रात्र, धुकं, हिमवर्षाव अशा हवेत केवळ उपकरणं पाहून उडण्याची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक दगावले. त्याच सुमारास लष्करी अधिकाऱ्यांना भेटायला लिंक नेवार्कला निघाला. धुकं इतकं होतं की तो येणार नाही असं धरून अधिकारी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात तो विमान घेऊन उतरला. लष्कराने सहा ट्रेनर मागवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या पाच लाखांवर वैमानिकांचे पहिले धडे या निळ्या खोक्यात झाले.

त्या खोक्यावर झाकण होतं. ते मिटलं की आत फक्त काटे आणि तबकड्या. शेजारच्या टेबलावर नकाशा पसरलेला असे आणि त्यावर एक छोटं चाकाचं यंत्र शिकाऊ वैमानिकाचा मार्ग शाईने आखत जाई. ढगात दिशा कशी धरायची, रेडिओच्या खुणांवरून विमानतळाजवळ कसं यायचं, हे सारं त्यात शिकता येई. पण शेवटचे दोनशे फूट डोळ्यांचे असतात आणि लिंकच्या खोक्याला बाहेरचं काही दिसतच नव्हतं.

डोळे यायला जेट विमानांचा काळ उजाडावा लागला. जेट फार महाग, त्याच्यावर लँडिंग गिरवणं त्याहून महाग. मग मोठ्या फळ्यांवर शेतं, रस्ते, घरं आणि धावपट्टी असा देखावा बारीक प्रमाणात बांधला गेला. वैमानिक कॉकपिटमध्ये दांडा हलवी तसा एक टीव्ही कॅमेरा त्या देखाव्यावरून सरके आणि चित्र समोरच्या पडद्यावर येई. 1970च्या दशकात संगणक आला. त्याला सुरुवातीला फक्त रात्र काढता येत होती, म्हणजे काळ्या पडद्यावर दिव्यांचे ठिपके. पण रात्रीच्या धावपट्टीला तेवढं पुरतं. अखेर 1980 साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने नियम केले आणि पुरेशा दर्जाच्या सिम्युलेटरवरचं लँडिंग प्रशिक्षणात धरलं जाऊ लागलं.

नेमक्या त्याच वेळी घराण्याची दुसरी शाखा फुटली. इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकने ॲपल टू या घरगुती संगणकासाठी उडण्याचा कार्यक्रम लिहिला. 1982मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या संगणकावर आणला. पुढची कित्येक वर्षं त्यातलं विमान सुरुवातीला शिकागोच्या सरोवराकाठी, मेग्ज फील्डवर उभं असे. 2003 साली तिथल्या महापौरांनी एका रात्रीत ती धावपट्टी उखडून टाकली, तेव्हा ज्यांनी शिकागो कधी पाहिलं नव्हतं तेही हळहळले. लिंकच्या यंत्राला देह होता, पण खिडकी नव्हती. आर्टविकच्या यंत्राला खिडकी होती, पण देह नव्हता. बोईसरच्या मुलाला वारशाने मिळालं ते हे दुसरं यंत्र.

पहिल्या शाखेचे नातेवाईकही त्याच्या घरापासून दूर नाहीत. बोईसरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली सुरू झाल्या, तोवर अमेरिकेत अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब प्रतिकृती करून ऑपरेटरांना शिकवायला सुरुवात झालेली होती. मार्च 1979मध्ये अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. एक झडप उघडी अडकली होती आणि ऑपरेटरांना परिस्थितीचा उलटाच अंदाज आला. चौकशीत निघालं की ते ज्या सिम्युलेटरवर शिकले होते, त्यात असा प्रसंग उभाच करता येत नव्हता. म्हणजे सिम्युलेटर चुकीचं शिकवतोच असं नाही, पण त्याला जे दाखवता येत नाही ते शिकणाऱ्याच्या हिशेबातच राहत नाही. घरच्या लँडिंगलाही हाच निकष लावायला हवा.

घरच्या पडद्यावर काय दिसतं? धावपट्टीला समांतर जायचं, मग दोन काटकोनी वळणं घेऊन तिच्या समोर यायचं, हा क्रम तिथे पक्का होतो. शेवटच्या टप्प्यावर सेसनाचा वेग साधारण 65 नॉट, म्हणजे ताशी 120 किलोमीटर ठेवायचा. काचेतून पाहताना धावपट्टीवरचा जो बिंदू वर किंवा खाली न सरकता जागच्या जागी मोठा होत जातो, तिथे विमान टेकायच्या वाटेवर असतं. तो खाली सरकू लागला तर आपण जास्त पुढे जाणार, वर सरकू लागला तर अलीकडेच पडणार. धावपट्टीशेजारचे चार दिवे दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. हे सगळं नजरेत बसवायला साधा संगणक पुरतो.

धावपट्टी ओळखणं हाही त्याच नजरेचा भाग. डहाणू लोकलने अंधेरीला उतरलं की जुहूचा विमानतळ जवळच. 1928 साली सुरू झालेल्या या मैदानावर 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने उतरले. सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळापासून जुहू हाकेच्या अंतरावर आहे आणि दोन्हीकडे पूर्व-पश्चिम धावपट्टी आहे. 1953मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअर लाइन्सचं डीसी-8 तसंच उतरलं आणि आखूड धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. जीवितहानी झाली नाही, विमान मात्र कामातून गेलं. बोईसरचा मुलगा ही चूक घरी बसून करू शकतो आणि पुन्हा न करायला शिकू शकतो.

न दिसणारं मात्र बरंच उरतं. जमीन जवळ आल्यावर नाक हळूच उचलून वेग मारायचा, त्याला फ्लेअर म्हणतात. त्या क्षणी उंची कळते ती डोळ्यांच्या कडांना, दोन्ही बाजूंनी वर येणाऱ्या जमिनीवरून, आणि बैठकीला जाणवणाऱ्या हेलकाव्यावरून. एका पडद्यात कडा नसतात, खुर्ची हलत नाही, दांड्यावर वाऱ्याचा जोर येत नाही. त्यात संगणकावर शिकलेल्याला काट्यांकडे टक लावून पाहायची खोड लागते. प्रशिक्षकांना आधी ती मोडावी लागते.

खऱ्या विमानांचं म्हणाल, तर पालघरचं नाव छोट्या विमानांशी एकदा जोडलं गेलं होतं. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान 2016च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. फेब्रुवारी 2018मध्ये राज्य सरकारशी करार झाला. पालघर जिल्ह्यातली 157 एकर जमीन विमान कारखान्यासाठी द्यायचं ठरलं, पण तो कारखाना काही उभा राहिला नाही. विमानाची चाचणी झाली ती धुळ्याच्या धावपट्टीवर.

शिकणाऱ्यालाही अखेर धुळे किंवा बारामतीसारख्या ठिकाणची उड्डाणशाळाच गाठावी लागते. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात धरला जात नाही. म्हणून पालघर-बोईसरच्या मुलांनी संगणकावर क्रम, वेग आणि नजर मनापासून घोटावी, काटे झाकून बाहेर पाहायची सवय लावावी. शेवटचे तीस फूट मात्र शेजारी प्रशिक्षक बसलेल्या खऱ्या विमानातच शिकावेत.