पक्षिवेत्ते ह्यूम

राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचें नांव सुशिक्षित कुटुंबांत सर्वश्रुत आहे. परंतु हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्राचा पायाही ज्यांनीं घातला, ते हेच ह्यूम होत, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानीं असते. चरित्रकार एक तर सभेविषयीं लिहितात, नाहीं तर पक्ष्यांविषयीं. आणि मनुष्य मात्र अर्धा अर्धा होऊन आपल्यापुढें येतो.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे पार्लमेंटांतील सुधारणावादी सभासद. १८४९ सालीं ॲलन ह्यूम बंगालच्या मुलकी नोकरींत शिरले, आणि १८५७ च्या धामधुमींत ते इटावा जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी होते. पुढें १८६७ सालीं त्यांच्याकडे मिठाच्या जकातीचें खातें आलें. या जकातीसाठीं सरकारनें शेंकडों मैल कांटेरी कुंपण वाढविलें होतें. ज्या खात्यानें गरिबाचें मीठ महाग केलें, त्याच खात्याच्या फिरतींत साहेबांना पक्षी पाहण्याची उत्तम संधि मिळाली, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

१८७२ सालीं त्यांनीं ‘स्ट्रे फेदर्स’ नांवाचें पक्षिविषयक नियतकालिक सुरू केलें. दूरदूरच्या ठाण्यांवरील हौशी अंमलदार आपापल्या मुलखांतील टिपणें आणि नमुने त्यांच्याकडे धाडीत, आणि सिमल्याच्या राहत्या घरींच ह्यूम यांनीं त्यांचें संग्रहालय उभारिलें. अंदमान, लक्षद्वीप, मणिपूर अशा ठिकाणीं ते स्वतःही गेले. त्या काळचें पक्षिनिरीक्षण म्हणजे बहुधा बंदुकीचें निरीक्षण होतें, हें मात्र विसरतां कामा नये. पक्षी मारल्यावांचून त्याची ओळख पक्की होत नसे. पुढें थिऑसफीच्या सहवासांत ह्यूम यांनीं मांसाहार सोडला आणि पक्ष्यांची हत्याही सोडली.

१८७९ सालीं वरिष्ठांशीं न पटल्यानें त्यांचें सेक्रेटरीचें पद गेलें. १८८२ सालीं ते निवृत्त झाले. आतां हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक समग्र ग्रंथ लिहावा, असा त्यांचा मनोदय होता. पण १८८४ च्या हिवाळ्याच्या सुमारास असें उघडकीस आलें कीं, सिमल्यास ठेविलेली हस्तलिखितें एका नोकरानें बाजारांत रद्दी म्हणून विकून टाकिलीं आहेत! वर्षानुवर्षांचा श्रम पुड्या बांधण्याच्या कामीं आला. १८८५ सालीं त्यांनीं ऐंशीं हजारांवर कातडीं व अंडीं असलेला आपला अवघा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दान केला.

त्याच वर्षीं, २८ डिसेंबर रोजीं, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. तें खरें पाहतां पुण्यास भरावयाचें होतें, पण तेथें पटकीची सांथ उद्भवली. प्रतिनिधि बहात्तर होते.

हस्तलिखितें गेलीं म्हणून राष्ट्रीय सभा जन्मली, असें म्हणणें मात्र युक्त होणार नाहीं. कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना देशकार्यासाठीं हांक देणारें ह्यूम यांचें पत्र १८८३ च्या मार्चमधलें आहे. शिवाय सभेचें श्रेय त्यांच्या एकट्याचें नव्हे. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० पासून कार्य करीत होती. दादाभाई, तेलंग, मेहता यांनीं भूमि नांगरून ठेविली होती. तरीही दोन्ही उद्योगांतील साम्य डोळ्यांत भरतें. दूर दूर विखुरलेल्या माणसांशीं पत्रव्यवहार ठेवावयाचा, प्रत्येकानें आपल्या प्रांतीं जें पाहिलें तें निर्भीडपणें सांगावयाचें, आणि त्या सर्वांचें एकत्र चित्र उभें करावयाचें, ही रीत ह्यूम पक्ष्यांच्या पायीं शिकले असावेत, असें आम्हांस वाटतें. ज्या राज्यकर्त्याला देशांतील लहानशा पाखराचीही दखल घ्यावीशी वाटते, त्याला माणसाचें गाऱ्हाणें ऐकूं येण्याचा संभव अधिक. संभवच म्हणावयाचा, कारण बंदूक घेऊन रानांत हिंडणारे इतर साहेब कांहीं कमी नव्हते.

ह्यूम १९१२ सालीं वारले. १८६७ मध्यें सतलजच्या खोऱ्यांत त्यांना एक लहानसा वटवट्या मिळाला होता. त्याच्या जातीचा दुसरा जिवंत पक्षी ओळखला गेला तो २००६ सालीं, थायलंडमध्यें. आणि ती ओळख पटविण्यास ह्यूम यांचा तो जुना नमुनाच आधार झाला. जें दान केलें गेलें तें टिकलें. जें घरीं राहिलें तें रद्दींत गेलें. आपल्या घरोघरच्या पेट्यांत वाडवडिलांचीं टिपणवह्या-पत्रें पडलेलीं आहेत. तीं वेळींच योग्य हातीं सोंपविणें, एवढें तरी आपल्या हातचें आहे.