मांडव्यावरून दिसलेले १९४७

ऑगस्ट जवळ आला की १९४७ची तीच चित्रे पुन्हा समोर येतात. मध्यरात्रीचे नेहरूंचे भाषण, पंजाबातल्या भरलेल्या रेल्वेगाड्या, वाघ्याकडे निघालेले काफिले. ही चित्रे खरीच आहेत. पण त्यांच्या पाठोपाठ आम्हा मराठी मुसलमानांना हमखास एक प्रश्न विचारला जातो, कधी कुतूहलाने, कधी कुत्सितपणे : ‘तुमचे लोक तेव्हा गेले का नाहीत?’

उत्तरही ठरलेले असते. आम्ही देशप्रेमाचे दाखले काढतो, मौलाना आझादांचे नाव घेतो आणि विषय संपवतो. माझा आक्षेप मुळात प्रश्नालाच आहे. त्यात असे गृहीत धरलेले असते की १९४७ साली प्रत्येक मुसलमान ‘जाऊ की राहू’ एवढाच विचार करत बसला होता. ते वर्ष कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या रायगडातल्या मांडवा-रेवसवरून पाहिले तर निराळेच दिसते.

माझ्या दादीला जन्मसाल ठाऊक नव्हते. वय विचारले की ती म्हणायची, ‘रामदास बुडाली तेव्हा मी पाणी भरण्याएवढी होते.’ स्वातंत्र्याच्या वर्षाची तिची खूण स्वातंत्र्य नव्हती, एक बोट होती. तिच्या वयाच्या अनेकांची हीच गत.

त्या जुलैचा क्रम लक्षात घेतला पाहिजे. ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली होती. ८ जुलैला रॅडक्लिफ साहेब दिल्लीत उतरले. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे विधेयक १५ जुलैला ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात आणि १६ जुलैला लॉर्ड्स सभागृहात मंजूर झाले. १८ जुलैला त्यावर राजाची मोहोर उमटली. या दोन तारखांच्या मधल्या दिवशी, गुरुवार, १७ जुलै १९४७ला सकाळी ८च्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट रेवसला निघाली.

तेव्हा अलिबागकडे यायचे तर बोटच सोयीची. रस्त्याने पनवेल-पेणचा वळसा, तोही पावसाळ्यात. रेल्वे नाहीच. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि बाजारांत काम करणारा इथला चाकरमानी, भाजीवाला, कोळीण, शाळकरी पोर, सगळ्यांचा रस्ता हाच. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती, त्यामुळे सणाला गावी निघालेल्यांची गर्दी होती. रमजानही दोन-तीन दिवसांवर आला होता. पहिला रोजा घरच्या सहरीने धरावा असे वाटून निघालेले कुणी त्या बोटीत नसतील, असे मला वाटत नाही.

मुंबई बंदराच्या तोंडाशी, काशाच्या खडकाजवळ बोट उसळत्या समुद्रात सापडली. एका मोठ्या लाटेने ती कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला लोटले गेले आणि पुढच्या लाटांनी ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई काही मैलांवर होती, तरी तिथे ही बातमी पोहोचायला काही तास लागले. जे वाचले त्यांतल्या अनेकांना वाचवले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी. त्यांनी मासळी समुद्रात ओतून दिली आणि मचव्यांत माणसे घेतली, असे या भागात आजही सांगतात.

बोटीचे नाव रामदास. कप्तान शेख सुलेमान इब्राहिम. वाचवणारे कोळी. १९४७च्या इतिहासात माणसांची वाटणी नावावरून झालेली आपण वाचतो. कोकणच्या समुद्रावर मात्र कामाची वाटणी जुनी होती : नाखवा कोण, तांडेल कोण, सारंग कोण, खलाशी कोण. संतांच्या नावाच्या बोटी दालदी आणि कोकणी मुसलमान हाकायचे. त्यात कुणाला विशेष काही वाटत नसे. मी याला ‘गंगा-जमनी तहजीब’ असे भारदस्त नाव देणार नाही. गावात भांडणे होती, जातीचे विटाळही होते. त्याच वर्षी १ मेपासून साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपास करावा लागला, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडले. म्हणजे त्या वर्षी महाराष्ट्रासमोर आपल्याच माणसांना देवळात घ्यायचे की नाही, हाही प्रश्न होता. आपल्या १९४७च्या आठवणीत तो क्वचितच येतो.

पुढचा महिना आणखी विलक्षण. १५ ऑगस्ट हा शुक्रवार होता आणि रमजानमधला शेवटचा जुमा. १७ ऑगस्टला, ‘रामदास’ला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली. १८ ऑगस्टला ईद. म्हणजे आपला देश नेमका कुठे संपतो हे पंजाब आणि बंगालच्या लोकांना कळले ते ईदच्या आदल्या दिवशी. गांधीजी तेव्हा कलकत्त्यात, बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये मुक्कामाला होते. इकडे आमच्या किनाऱ्यावर कित्येक घरांत ईदला आणि पुढच्या गणपतीला चूल पेटवायचे मन नसणार. ज्यांची माणसे अजून सापडली नव्हती, त्यांनी तिरंगा कोणत्या डोळ्यांनी पाहिला असेल?

फाळणी इथवर आलीच नाही असे मात्र नाही. ती कराचीच्या वाटेने आली. मुंबई आणि कराची या एकाच किनाऱ्यावरच्या दोन गोद्या. कोकणी माणूस पोटासाठी जसा मुंबईला जाई, तसा कराचीलाही. १५ ऑगस्टला जो कराचीत कामावर होता, तो उठून कुठेही गेला नव्हता. त्याच्या कामाची जागा परमुलखात गेली. जुलै १९४८मध्ये परमिट आले, १९५२मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला. आधी घरी यायला बोटीचे तिकीट पुरे होते, आता दोन सरकारांची परवानगी लागू लागली. कराचीत आजही कोकणी वस्ती आहे. ‘गेले’ आणि ‘राहिले’ या दोन रकान्यांपैकी त्या माणसाला कुठे बसवायचे? कित्येकांच्या बाबतीत निर्णय असा झालाच नाही. पगाराची तारीख, बोटीचे वेळापत्रक आणि एक सरकारी कागद यांनी मिळून तो घेतला.

याच किनाऱ्यावर दक्षिणेला मुरूडला सिद्दी नवाबाचे जंजिरा संस्थान होते. नवाब मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू. अशाच जुनागढने १९४७च्या सप्टेंबरात पाकिस्तानचा रस्ता धरला आणि पेच उभा राहिला. जंजिऱ्यात प्रजेने लोकराज्यासाठी चळवळ केली, मोहन धारिया त्यात पुढे होते, आणि ८ मार्च १९४८ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जुनागढ प्रत्येक पुस्तकात सापडते. जंजिऱ्याला एखादी ओळ मिळते. जिथे मोठा रक्तपात झाला नाही, त्या जागा इतिहासातून गळतात आणि मग उरलेल्या इतिहासावरून वाटते की सगळीकडे रक्तपातच झाला.

आज मांडव्याला गेटवेवरून बोटी येतात. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो येते, गाडीसकट तासाभरात माणूस उतरतो. शनिवार-रविवारी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. ज्या पाण्यावरून ही गर्दी येते, त्याच पाण्यात स्वातंत्र्याच्या एकोणतीस दिवस आधी सहाशेहून अधिक नागरिक बुडाले, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

म्हणून ‘तुमचे लोक गेले का नाहीत’ याला माझे उत्तर असे आहे : आमच्या लोकांसमोर त्या वर्षी इतर पुष्कळ प्रश्न होते. पावसाळ्यात सुखरूप घरी कसे पोहोचायचे, कराचीहून मनिऑर्डर येईल का, नवाब गेल्यावर जमिनीचे काय. शेजारच्या आगरी-कोळ्यांचे प्रश्नही जवळपास हेच होते. निष्ठेचा दाखला मागणारा प्रश्न नंतर तयार झाला आणि मागे नेऊन त्यांच्या तोंडी घातला गेला.

तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. रेवस, बोडणी, थळ, मुरूड, श्रीवर्धनच्या वाचकांना माझी विनंती आहे. घरात कुणी असेल तर त्यांना ‘फाळणीबद्दल सांगा’ असे विचारू नका. ‘रामदास बुडाली तेव्हा तुम्ही कुठे होता?’ असे विचारा, आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवा.