एका पाडसाविषयीचे शेरे

सरकारी कागदावर शेरा मारण्याचे काम ज्यांच्या वाट्यास आले आहे, त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते, ती ही की, पहिला शेरा हा बहुधा शेवटचा नसतो. एकाने 'दप्तरी दाखल' म्हणून बाजूस सारलेले प्रकरण दहा वर्षांनी दुसऱ्याच्या मेजावर येते. कागद तोच, अक्षरे तीच. पण निर्णय निराळा होतो. बदललेला असतो तो वाचणारा आणि त्याच्या वाचण्याची वेळ. कलाकृतींच्या नशिबीही असेच फेरतपासणीचे योग असतात. अशाच एका प्रकरणाचा इतिहास आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. प्रकरण वरवर पाहता अगदीच साधे आहे. ज्याला आपण सरसकट 'कार्टून' म्हणून मुलांच्या स्वाधीन करतो, अशा जातीचा हा एक सौम्य, जुन्या वळणाचा, सत्तर मिनिटांचा कौटुंबिक चित्रपट : वॉल्ट डिस्ने यांचा 'बँबी'. परंतु 1942 पासून आजवर त्याच्यावर जे शेरे पडले, ते पाहिले म्हणजे एका पाडसाने एवढी माणसे कशी काय अस्वस्थ केली, याचे नवल वाटू लागते.

मूळ कथा मुलांसाठी लिहिलेली नव्हती, येथूनच आरंभ केला पाहिजे. व्हिएन्नाचे लेखक फेलिक्स साल्टेन यांनी ती 1923 साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केली. साल्टेन स्वतः शिकारी होते. त्यांच्या अरण्यात प्राणी प्राण्यांना मारतात, हिवाळ्यात उपासमार होते, आणि माणूस नावाची एक अगम्य शक्ती मधूनमधून मृत्यू घेऊन येते. कथेच्या अखेरीस वृद्ध मृग बँबीला एका मेलेल्या माणसाचे प्रेत दाखवितो आणि हा 'तो' सर्वशक्तिमान नाही, त्याच्याही वर कोणी आहे, हे त्याच्या मनावर बिंबवितो. 1928 साली व्हिटेकर चेंबर्स यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला जॉन गॉल्सवर्दी यांची प्रस्तावना लाभली. साल्टेन ज्यू होते. जर्मनीतील नाझी राजवटीने 1936 साली त्यांच्या पुस्तकावर बंदी घातली. 1938 साली ऑस्ट्रिया गिळंकृत झाल्यावर त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले, आणि 1945 साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे, आपल्या गावापासून दूर, त्यांचे देहावसान झाले. ज्या पाडसाला पुढे जगाने गोंजारले, त्याचा जन्मदाता निर्वासित म्हणून मेला, ही गोष्ट त्या चित्रपटाच्या फार थोड्या प्रेक्षकांना माहीत असते.

कथेचे हक्क 1933 साली सिडनी फ्रँकलिन या दिग्दर्शकाने एक हजार डॉलरांस घेतले होते. जिवंत प्राण्यांकडून ही कथा वठविणे अशक्य आहे असे ध्यानी आल्यावर ते हक्क 1937 साली डिस्ने यांच्याकडे गेले. पुढची पाच वर्षे चित्रकारांची एक फौज हरणाच्या हाडासांध्यांचा अभ्यास करीत होती. मेन या संस्थानातून दोन पाडसे चित्रशाळेत आणून ठेविली होती, आणि रिको लेब्रुन हे शरीररचनेचे धडे देत होते. एवढे करूनही अरण्य काही साधेना. पाने, काटक्या, गवत यांच्या बारकाव्यांत प्राणी हरवून जात. हा पेच सोडविला तो चीनमध्ये जन्मलेल्या आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात अमेरिकेत आलेल्या टायरस वाँग या चित्रकाराने. सुंग राजवटीच्या काळातील निसर्गचित्रांचा संस्कार त्याच्यावर होता. झाडाचे प्रत्येक पान रेखाटण्याऐवजी त्याने धुके, ओलावा आणि प्रकाश रंगविला, आणि उरलेले अरण्य पाहणाऱ्याच्या मनावर सोपविले. चित्रपटाचे दिग्दर्शन डेव्हिड हँड यांचे. परंतु चित्रपट संपल्यावर जे डोळ्यांपुढे रेंगाळते ते वाँग यांचे अरण्य. आणि तरीही 1941 साली चित्रशाळेत संप झाला, त्यानंतरच्या धुमाळीत, संपात भाग न घेतलेल्या वाँग यांनाच नोकरीवरून काढण्यात आले.

1942 च्या ऑगस्टमध्ये चित्रपट प्रथम लंडनमध्ये आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये झळकला. महायुद्धाचा वणवा तेव्हा ऐन भरात होता. युरोपातील बहुतेक बाजारपेठा बंद होत्या, आणि पहिल्या फेरीत चित्रपटाचा खर्चही भरून निघाला नाही. हा झाला व्यापाऱ्यांचा शेरा.

समीक्षकांचा शेरा याहून तिखट होता. डिस्ने यांच्या आधीच्या चित्रांत कल्पनेचा जो स्वैर विलास होता, तो येथे कोठे गेला, असा अनेकांचा प्रश्न होता. प्राणी इतके खऱ्यासारखे काढावयाचे, तर मग कॅमेऱ्याने काय घोडे मारले होते? 'न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकात मॅनी फार्बर यांनी चित्रपटाच्या गोडव्याची चक्क सॅकरीनशी तुलना केली. गंमत अशी की, एकाच चित्रपटावर एकाच वेळी दोन विरुद्ध आरोप झाले : तो फार खरा आहे, आणि तो फार गोड आहे. दोन्ही आरोप करणारे एकच हरीण पाहत होते.

तिसरा शेरा शिकाऱ्यांचा. 'आउटडोअर लाइफ' या मासिकाचे संपादक रेमंड ब्राउन यांनी हा चित्रपट म्हणजे अमेरिकेतील शिकाऱ्यांचा आजवरचा सर्वांत मोठा अपमान होय, असा जाहीर आक्षेप घेतला. त्यांच्या रागाला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. चित्रपटात माणूस कोठेही दिसत नाही. दिसते ती पाखरांची घाबरी धावपळ, ऐकू येतो तो बंदुकीचा आवाज, आणि पुढे अरण्याला लागते ती त्याच्याच शेकोटीची आग. ज्याला चेहराच नाही, त्याची बाजू मांडणार तरी कोण?

आणि चौथा शेरा एका मुलीचा. डिस्ने यांची थोरली कन्या डायॅन हिने चित्रपट पाहून बापाला जाब विचारला, अशी हकीकत सांगितली जाते. बँबीच्या आईला मारलेच का? मूळ पुस्तकात तसेच आहे, असे उत्तर मिळताच, इतर गोष्टी तुम्ही बदलल्यात, मग हीच का नाही बदललीत, असा तिने उलट सवाल केला. आमच्या मते 1942 सालचा सर्वांत मार्मिक शेरा हाच. कारण तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. चित्रपटाने पुस्तकातील प्राण्यांचे परस्पर भक्षण गाळले, माणसाचे प्रेत गाळले, वृद्ध मृगाचे तत्त्वज्ञानही गाळले. ठेविला तो आईचा मृत्यू. तोही दाखविला नाही. आवाज होतो, पाडसू धावत सुटते, मागे वळून हाक मारते, आणि बर्फ पडू लागते. ज्या अर्थी एवढे गाळून हेच ठेविले, त्या अर्थी करणाऱ्यांना आपण काय करीत आहो हे पक्के ठाऊक होते.

यानंतर हे प्रकरण निराळ्याच खात्यात गेले. 1944 साली अमेरिकेत वणवाप्रतिबंधाच्या भित्तिपत्रकावर बँबीचे चित्र आले. डिस्ने यांनी ते एका वर्षापुरतेच वापरू दिले होते. म्हणून वनखात्याला स्वतःचा प्राणी शोधावा लागला, आणि 'स्मोकी' नावाचे सुप्रसिद्ध अस्वल जन्मास आले. मात्र याच सुमारास विस्कॉन्सिन संस्थानात या कोमलतेची दुसरी बाजू उघडी पडत होती. तेथील लांडगे जवळजवळ नष्ट झाले होते, हरणे बेसुमार वाढली होती, आणि हिवाळ्यात चाऱ्यावाचून मरत होती. थोर वनशास्त्रज्ञ अल्डो लिओपोल्ड यांनी कळप आटोक्यात आणण्यासाठी हरिणींच्याही शिकारीस परवानगी द्यावी, असा आग्रह धरला. 1943 च्या हंगामात लाखाहून अधिक हरणे मारली गेली, आणि लिओपोल्ड यांच्यावर लोकांचा रोष उसळला. चित्रपट नुकताच पडद्यावरून गेला होता. या रोषाचे सारे खापर त्याच्यावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण हरिणीला न मारण्याची शिकवण तेथे त्याआधीच रुजलेली होती. तथापि एका पाडसावर जीव जडला म्हणजे सबंध रानाचा हिशेब दिसेनासा होतो, हा त्या शास्त्रज्ञाचा मुद्दा खोडून काढणे कठीण आहे. बँबीच्या रानात लांडगा नाहीच. विस्कॉन्सिनच्या रानातही उरला नव्हता, आणि दुखणे नेमके तेच होते.

दरम्यान चित्रपटगृहातील प्रेक्षक आपला शेरा सावकाश लिहीत होता. 1947 साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याचा खर्च निघाला. त्यानंतर 1957, 1966, 1975, 1982 आणि 1988 अशा फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत आईच्या मांडीवर बसून रडलेली मुले पुढच्या फेऱ्यांत स्वतःची मुले घेऊन आली. 2008 साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्यास कार्टूनपटांत तिसरे स्थान दिले. 2011 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. टायरस वाँग यांना 2001 साली, वयाच्या नव्वदीत, डिस्ने संस्थेने आपला सर्वोच्च मान दिला. 2016 साली एकशे सहाव्या वर्षी ते निवर्तले. साठ वर्षांनी मिळालेली ही बढती आमच्या वाचकांना अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही.

या प्रकरणाचा एक कागद आपल्याकडेही आहे. हलती चित्रे काढण्याची हौस आपल्या लोकांना नवी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज' केली होती, आणि प्रभात कंपनीने 1934 साली 'जंबूकाका' पडद्यावर आणले होते. परंतु या कलेचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते 1956 साली, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला तेव्हा. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यातून तेथे जे शिक्षक आले, ते क्लेअर वीक्स. ते डिस्ने यांचे जुने चित्रकार होते आणि 'बँबी'वर त्यांनी काम केले होते. पुढे नावारूपास आलेले राम मोहन हे त्यांचेच शिष्य. 1957 साली या विभागातून जे चित्र निघाले, त्याचे नाव 'द बनियन डीअर'. हॉलिवूडमध्ये हरीण काढावयास शिकलेला हात मुंबईत आला, आणि येथेही त्याने हरीणच काढले. मात्र हे हरीण साल्टेनच्या रानातले नव्हते, ते न्यग्रोधमृग जातकातले होते.

ती कथा वाचकांच्या परिचयाची असेल. काशीच्या राजाला रोज मृगमांस लागे. म्हणून दोन कळपांनी आळीपाळीने एकेक हरीण वधस्तंभाकडे धाडावयाचे ठरविले. एके दिवशी शाखमृगाच्या कळपातील एका गाभण हरिणीची पाळी आली. तिच्या नायकाने तिला सूट नाकारली. तेव्हा न्यग्रोधमृगाने तिच्या जागी स्वतःची मान ओंडक्यावर ठेविली. राजा विरघळला, आणि त्याने हरिणीलाच काय, सर्व प्राण्यांना अभय दिले.

येथे आई वाचते. डायॅनच्या प्रश्नाला हजारो मैलांवरून नव्हे, तर दोन हजारांहून अधिक वर्षांपलीकडून आलेले हे उत्तर आहे. तिला कोणी गोष्ट सौम्य करण्यासाठी वाचविलेले नाही. तिच्या जागी कोणी उभा राहिला, म्हणून ती वाचली. परंतु जातककथा येथे थांबत नाही, आणि तिचा पुढचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. अभय मिळालेली हरणे शेतांत शिरून पिके खाऊ लागली. राजाने वचन दिलेले, त्यामुळे शेतकऱ्यांना हात उचलता येईना. तेव्हा न्यग्रोधमृगाने आपल्या कळपाला पीक खाण्यास मनाई केली, आणि शेतकऱ्यांनी कुंपण न घालता शेताच्या कडेने पानांची खूण बांधावी, एवढेच सुचविले. म्हणजे लिओपोल्ड यांचा मुद्दा त्या कथाकारालाही सुचला होता. करुणेचा हिशेब कोणाला तरी चुकवावा लागतो, आणि तो शेतकऱ्याने एकट्याने का चुकवावा, हे त्याने विचारले होते. एका पाडसाच्या मायेपायी तपाला मुकलेल्या जडभरताची कथा भागवताने सांगितली, तीही याच सावधपणाने.

आता आमचा शेरा. 'बँबी'ला गोडवट म्हणणारे चुकले, कारण ज्या चित्रपटाने मुलांना मृत्यू दाखविला, तो गोडवट असू शकत नाही. त्याला शिकाऱ्यांवरील आरोपपत्र मानणारेही चुकले, कारण आरोपपत्र एवढ्या पिढ्या टिकत नाही. परंतु त्यालाच रानाचे संपूर्ण सत्य मानणारे सर्वांत अधिक चुकले. सौम्य चित्रपट हा सत्याचा पहिला धडा असतो, शेवटचा नव्हे. जिल्ह्याजिल्ह्यांच्या डाक बंगल्यांतून भिंतीवर टांगलेली सांबराची शिंगे आमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्या शिंगांखाली बसून मागच्या पिढीतील अधिकारी शिकारीच्या कथा अभिमानाने सांगत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अभिमान संपविला, आणि आज त्याच जिल्ह्यांतील शेतकरी हरणांनी व नीलगाईंनी खाल्लेल्या पिकाचे अर्ज घेऊन त्याच कचेऱ्यांत उभा राहतो. त्या अर्जावर शेरा मारण्याची पाळी आमच्या वाचकांपैकी ज्याच्यावर येईल, त्याने लहानपणी 'बँबी' पाहिलेला असावा, अशी आमची इच्छा आहे. आणि न्यग्रोधमृगाची गोष्ट त्याला शेवटपर्यंत ठाऊक असावी, अशीही.